‘मॉर्ट-डी-शियन’ : एका मराठी शब्दाचा परदेशप्रवास

हिंदुस्थानांतील भाषांतून इंग्रजींत गेलेल्या शब्दांच्या याद्या पुष्कळ प्रसिद्ध झाल्या आहेत. कर्नल हेन्री यूल व आर्थर बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश इ. स. १८८६ त निघाला आणि विल्यम क्रूक यानें तयार केलेली त्याची नवी आवृत्ति १९०३ त बाहेर पडली. तेव्हांपासून या विषयाची सामग्री अभ्यासकांस एके ठिकाणीं मिळूं लागली. परंतु अशा याद्या चाळतांना आपल्याकडे बहुधा एकच प्रश्न विचारला जातो : अमुक शब्द आमचा कीं नाहीं ? आमचा ठरला म्हणजे समाधान होतें आणि शोध तेथेंच थांबतो.

वस्तुतः परभाषेंत गेलेला शब्द हाहि एक जुना कागदच होय. कागद हातीं येतांच आपण त्याची तिथि, अक्षराचें वळण आणि तो कोणत्या दप्तरांतून आला हें पाहतों. शब्दाचीहि तीच परीक्षा झाली पाहिजे. तो प्रथम केव्हां टिपला गेला, कोणाच्या कानांनीं ऐकला आणि कोणकोणत्या हातांतून पुढें गेला, हें कळल्यावांचून त्याची साक्ष ग्राह्य धरतां येत नाहीं. या दृष्टीनें येथें एकाच शब्दाचा विचार करावयाचा आहे. तो असा आहे कीं, वरवर पाहणारास त्यांत मराठीचा लेशहि दिसूं नये.

चार्ल्स कर्टिस या वैद्यानें इ. स. १७८२ व १७८३ या सालीं इंग्रज आरमारांत व मद्रासच्या आरमारी इस्पितळांत आढळलेल्या रोगांचें वर्णन केलें असून तें पुस्तक १८०७ त एडिंबरो येथें छापलें गेलें. त्यांत जुलाब, वांती व हातापायांस गोळे आणून थोडक्या वेळांत माणूस नेणाऱ्या एका रोगास ‘मॉर्ट-डी-शियन’ असें म्हटलें आहे. हे शब्द उघड उघड फ्रेंच दिसतात व त्यांचा अर्थ ‘कुत्र्याचें मरण’ असा होतो. रोगाचें भयंकर स्वरूप पाहतां हें नांव शोभतेंहि, आणि म्हणूनच पुष्कळांस तें खरें वाटलें. पण तें खरें नव्हे. या फ्रेंच पोषाखाखालीं आपला घरगुती ‘मोडशी’ हा शब्द दडलेला आहे.

याचा पुरावा गोव्यांतून मिळतो. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य इ. स. १५३४ त हिंदुस्थानांत आला व पुढें आयुष्यभर इकडेच राहिला. येथील औषधी व वनस्पती यांविषयीं संवादरूपानें लिहिलेला त्याचा ग्रंथ १५६३ त गोव्यांतच छापला गेला. त्यांत या रोगाचा विचार आला असून ओर्ता नांवांचा भेद स्पष्टपणें नोंदवितो. आम्हां युरोपियनांत यास ‘कोलेरिका पासियो’ म्हणतात, हिंदी लोक ‘मोर्शी’ म्हणतात, अरब ‘हैझा’ या अर्थाचा शब्द वापरतात, आणि आम्ही पोर्तुगीज मूळ शब्द बिघडवून ‘मोर्देशी’ म्हणतों, असें त्याचें म्हणणें आहे. आपल्या लोकांनीं शब्द बिघडविला ही त्याची कबुली फार मोलाची आहे. मूळ उच्चार व भ्रष्ट उच्चार हे दोन्ही एकाच साक्षीदारानें शेजारीं शेजारीं ठेवले असल्यामुळें येथें तर्कास फारसें काम उरत नाहीं.

दुसरा साक्षीदार गास्पार कोरेया हा होय. त्यानें पोर्तुगीजांच्या हिंदुस्थानांतील कारभाराची मोठी बखर लिहिली. ती हस्तलिखित स्वरूपांतच तीनशें वर्षें राहिली व लिस्बन येथील विज्ञान अकादमीनें १८५८ ते १८६६ या काळांत छापली. मार्तीं आफोन्सो द सौझा हा गव्हर्नर असतांना इ. स. १५४३ त गोव्यांत उद्भवलेल्या सांथीचें वर्णन कोरेयानें दिलें आहे. मृत्यु इतके होऊं लागले कीं, लोक घाबरूं नयेत म्हणून देवळांतील घंटा वाजविण्यास गव्हर्नरानें मनाई केली. इकडील लोक या रोगास ‘मोरिशी’ म्हणतात, असें तो लिहितो. कोरेयाचें लिखाण तेव्हां छापलेलें नव्हतें. एक वैद्य व एक बखरकार अशा दोघांनीं, एकाच नगरांत व एकाच पिढींत, लोकांच्या तोंडचा म्हणून जवळजवळ एकच उच्चार टिपावा, यास योगायोग म्हणतां येणार नाहीं.

आतां उच्चाराचा प्रश्न पाहूं. ‘मोडशी’ चा ‘मोर्शी’ कसा झाला ? आपला ड पोर्तुगीज जिभेस नवा होता. परक्या कानास तो कधीं र, कधीं द, तर कधीं या दोहोंचें मिश्रण असा वाटतो. इंग्रजांनींहि ‘गढी’ चें ‘गरी’ व ‘घडी’ चें ‘घरी’ असें लेखन केलें, हें त्यांचे जुने कागद पाहणारांस ठाऊक आहे. ‘मोर्शी’ त नुसता र आला व ‘मोर्देशी’ त र आणि द हे दोन्ही आले, इतकाच फरक. पुढें शब्दाच्या अंतीं अनुनासिक लागून ‘मोर्देशीं’ झालें. ही पोर्तुगीजांची संवयच होती. कोची यास त्यांनीं ‘कोचीं’ केलें, सामूतिरी यास ‘सामोरीं’ केलें, आणि ‘मंत्री’ हा शब्द मलायी भाषेच्या द्वारें त्यांच्याकडे जाऊन ‘मांदारीं’ झाला. त्याचाच इंग्रजींत ‘मँडरिन’ झाला.

व्युत्पत्तीविषयीं यूल व बर्नेल यांनीं कोंकणी-मराठी ‘मोडशी’ चा ‘मोडणें’ या धातूशीं संबंध जोडला आहे. शरीर मोडून पडणें, गात्रें ढिलीं होणें, हा तो अर्थ. गोव्यांतील आसगांवचे विद्वान् मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फ दाल्गादो यांनींहि १९१९ ते १९२१ या काळांत निघालेल्या आपल्या पोर्तुगीज-आशियाई शब्दकोशांत हाच उगम मानला आहे. कोंकणांत अपचनाच्या विकारास ‘मोडशी’ म्हणतात, हें वाचकांस सांगावयास नकोच.

गोव्यांतून हा शब्द परदेशीं कसा गेला ? गोव्याच्या आर्चबिशपाच्या पदरीं राहिलेला डच प्रवासी लिन्सखोतेन यानें तो आपल्या ग्रंथांत घेतला व त्या ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर १५९८ त लंडन येथें निघालें. म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीची सनद होण्यापूर्वीं दोन वर्षें हा शब्द इंग्रजी छापखान्यांत पोंचला होता. शिवकालाच्या अभ्यासकांस परिचित असलेला डॉक्टर जॉन फ्रायर यानें १६९८ त छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनांत ‘मॉर्डिशीन’ असें रूप देऊन तें पोर्तुगीजांचें नांव असल्याचें नमूद केलें आहे व या रोगांत डागण्या देण्याचा उपचारहि सांगितला आहे. फ्रेंचांनीं पोर्तुगीज रूप आपल्या वळणावर नेलें. त्या रूपास त्यांच्या भाषेंत कांहींच अर्थ नव्हता, म्हणून जवळचा उच्चार पाहून ‘कुत्र्याचें मरण’ हा अर्थ त्यांत भरला गेला. अर्थहीन शब्दास ओळखीचें रूप देण्याची ही खोड सर्व भाषांत आहे. आपल्या मुंगसाचा इंग्रजींत ‘मॉन्गूस’ झाला, त्यांतील ‘गूस’ चा हंसजातीच्या त्या नांवाच्या पक्ष्याशीं कांहीं संबंध नाहीं. याप्रमाणें इंग्रज वैद्यांनीं अठराव्या शतकांत जो शब्द फ्रेंच म्हणून घेतला, तो कोंकणांतून निघून गोवा, पोर्तुगीज व फ्रेंच या मार्गानें आलेला होता.

ही नुसती शब्दांची करमणूक नव्हे. इ. स. १८१७ त बंगालमध्यें जेसोर येथें पटकीचा मोठा उद्भव झाला व १८१८ त ती दक्षिणेंत व मुंबईस पोंचली. त्यानंतर हा रोग अगदीं नवीनच निर्माण झाला असें मत पुष्कळ काळ प्रचलित होतें. जॉन मॅकफर्सन यानें १८७२ त १८१७ पूर्वींच्या पटकीचा वृत्तान्त एकत्र करून त्या मताचें खंडन केलें. त्याच्या पुराव्यांत गोव्यांतील या जुन्या नोंदींस महत्त्व आहे. ‘मॉर्ट-डी-शियन’ हें फ्रेंच नांव समजून सोडून दिलें, तर १५४३ ची सांथ व १७८२ मधील आरमाराचा रोग यांना जोडणारा दुवाच तुटतो.

तथापि येथें एक मर्यादा सांभाळली पाहिजे. शब्द एक म्हणून रोगहि एकच, असें म्हणतां येत नाहीं. पटकीचा जंतु रॉबर्ट कॉख यानें १८८४ त कलकत्त्यास निश्चित केला. त्यापूर्वींचें निदान लक्षणांवरूनच होत असे. ‘मोडशी’ त साधें अपचनहि येई व प्राणघातक वांतीजुलाबहि येई. म्हणून शब्दाची साक्ष लक्षणांच्या वर्णनाबरोबरच घ्यावी. कोरेया व ओर्ता यांच्या लेखांत तें वर्णन आहे, म्हणूनच त्यांस वजन आहे.

यावरून हस्तलिखितांच्या संग्राहकांस एक विनंती करावीशी वाटते. वैद्यकाच्या बाडांत, घरगुती पत्रांत किंवा जमाखर्चाच्या कीर्दींत ‘मोडशी’ हा शब्द आढळल्यास नक्कल करतांना त्याच्या जागीं ‘पटकी’ किंवा ‘कॉलरा’ असा सोपा शब्द घालूं नये. मूळ अक्षर जसेंच्या तसें ठेवावें, आणि शेजारीं कागदाची तिथि, गांव व लक्षणें दिलीं असल्यास तीं टिपावीं. गोव्यांतील दोघा परक्यांनीं आपल्या लोकांच्या तोंडचा उच्चार जपून ठेवला, म्हणून आज या शब्दाचा माग लागला. आपल्या दप्तरांतील उच्चार आपणच पुसून टाकूं नये, इतकेंच सांगणें आहे.