तानसेन, बैजू आणि झुंजीची कथा

ग्वाल्हेरच्या हजीरा भागात सूफी सत्पुरुष मुहम्मद घौस यांची दगडी जाळ्यांनी वेढलेली भव्य कबर आहे. तिच्या शेजारी, खांबांवर उभ्या असलेल्या एका साध्या उघड्या मंडपात तानसेन विसावला आहे. दरवर्षी डिसेंबरात येथील समारोहास देशभरचे गायक-वादक हजेरी लावतात. कबरीजवळच्या चिंचेचा पाला खाल्ल्याने कंठ गोड होतो, अशीही श्रद्धा आहे. ज्या पुरुषाला गायकांच्या जगात असा मान, त्यालाच एका अत्यंत लोकप्रिय बोलपटाने जवळजवळ खलनायकाच्या जागी बसविले. हे कसे घडले, याचा विचार आम्हांस येथे करावयाचा आहे.

विजय भट्ट यांचा 'बैजू बावरा' १९५२ साली प्रदर्शित झाला. त्यात तानसेनाहून सरस गाणाऱ्यावाचून कोणीही नगरात गाऊ नये असा निर्बंध असतो. पहारेकऱ्यांशी झालेल्या झटापटीत बैजूचा पिता प्राणास मुकतो आणि पुत्र सुडाची शपथ घेतो. अखेर अकबराच्या दरबारात गायनाचा सामना होतो, संगमरवरी शिळा पाझरते आणि तानसेन हरतो. बैजू त्याला जीवदान मागतो, हे खरे. परंतु प्रेक्षकाच्या मनात अहंकार आणि अन्याय तानसेनाच्याच नावाशी जोडले जातात.

इतिहास काय सांगतो? अबुल फजलाने 'आईन-इ-अकबरी'त दरबारी गायकांची जी यादी दिली आहे, तिच्या अग्रस्थानी तानसेन आहे. गेल्या हजार वर्षांत असा गायक हिंदुस्थानात झाला नाही, असा त्याचा अभिप्राय आहे. त्या यादीत बैजूचे नाव नाही. एक परंपरा बैजूला ग्वाल्हेरच्या मानसिंह तोमराच्या पदरी नेऊन बसविते. मानसिंहाचा काळ १४८६ ते १५१६. तानसेन अकबराकडे आला तो १५६२ च्या सुमारास. मानसिंहाच्या अखेरीस बैजू वीस वर्षांचा धरला, तरी या वेळी तो सहासष्ट वर्षांचा होतो. पडद्यावरील तरुण बैजूचा या हिशेबाशी मेळ बसत नाही. दुसरी आख्यायिका तर दोघांनाही स्वामी हरिदासांचे शिष्य, म्हणजे गुरुबंधू ठरविते.

मग ही झुंज लोकांना इतकी प्रिय का? दोन गाजलेली नावे एकाच रंगणात उतरलेली पाहावीत, ही हौस सार्वत्रिक आहे. तिचे एक अगदी निराळे उदाहरण अमेरिकन भयपटांत सापडते. तेथे दोन स्वतंत्र चित्रमालांतील खुनी, स्वप्नांत शिरणारा फ्रेडी क्रूगर आणि मुखवटेधारी मुका जेसन व्हूरहीज, हे रॉनी यू दिग्दर्शित २००३ च्या 'फ्रेडी व्हर्सेस जेसन' या चित्रपटात एकमेकांशी भिडले. दोघेही सारखेच क्रूर. तरीही सामना रंगावा म्हणून एकाला सहानुभूतीचा धनी करणे भाग पडले. जेसन बुडणारे, भयभीत बालक म्हणून दाखविला गेला. शेवटी तो फ्रेडीचे तुटलेले शिर घेऊन सरोवरातून बाहेर येतो, आणि ते शिर डोळा मिचकावते. निकाल हेतुपुरस्सर अपुराच ठेवलेला आहे.

झुंजीच्या कथेला समतोल सोसत नाही, असा निष्कर्ष आम्ही यावरून काढतो. दोन दुष्ट असतील तर ती एकाला दयनीय करते. दोन थोर असतील तर एकाला उद्दाम करते. भेद इतकाच की, त्या दोन खुन्यांची प्रतिष्ठा सांभाळण्यात त्यांच्या धन्यांचे हित होते. तानसेनाच्या कीर्तीला असा धनी नाही. तिची राखण अभ्यासकांनीच करावयाची.

याच चित्रपटातील एक गोष्ट मात्र मराठी वाचकाने ध्यानात ठेवावी. देसी रागातील त्या सामन्यात तानसेनाला आवाज दिला इंदूरच्या उस्ताद अमीर खाँ यांनी, आणि बैजूला पंडित द. वि. पलुसकर यांनी. पलुसकरांचे पिते विष्णु दिगंबर हे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य. बुवांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजविली. म्हणजे तानसेनाला जिंकणारा स्वर तानसेनाच्याच नगरीच्या गायकीतला होता. कथेने ज्यांना शत्रू केले, त्यांना संगीताने एकाच परंपरेत ठेवले.

बोलपटाने अभिजात गायन घरोघर पोहोचविले, हे त्याचे ऋण आम्ही मानतो. त्याचा आस्वाद घेताना आख्यायिका आख्यायिका म्हणून ऐकावी आणि सनावळी सनावळी म्हणून वाचावी, एवढेच आमचे म्हणणे आहे. हजीऱ्यातील त्या साध्या मंडपाला विजय-पराजयाची वार्ता ठाऊक नाही. तेथे येणारा गायक तानसेनाला स्पर्धक म्हणून नव्हे, पूर्वज म्हणून वंदन करतो.