महारोहिणी-विस्फाराची अंतर्वाहिनी दुरुस्ती व तिचे उपद्रव

महारोहिणी-विस्फाराची अंतर्वाहिनी दुरुस्ती : हृदयापासून निघणाऱ्या महारोहिणीची भिंत दुर्बल होऊन फुगली असता, उदर वा छाती न उघडता, जांघेतील रोहिणीतून कापडी अस्तराची जाळीदार नळी आत नेऊन रक्तप्रवाहाला त्या फुगवट्यातून निराळी वाट करून देण्याची शस्त्रक्रिया. वैद्यकीय व्यवहारात उदरातील दुरुस्तीस ‘ईव्हार’ व छातीतील दुरुस्तीस ‘टीव्हार’ म्हणतात, आणि नळीस ‘स्टेंट ग्राफ्ट’ अशी संज्ञा आहे. या क्रियेत फुगलेला भाग काढून टाकला जात नाही; तो जागच्या जागी राहतो, त्याच्यावरील रक्ताचा दाब तेवढा नाहीसा केला जातो. तिचे बहुतेक गुण आणि पुष्कळसे उपद्रव या एकाच गोष्टीतून उद्भवतात.

विकार : उदरातील महारोहिणीचा व्यास प्रौढावस्थेत सुमारे २ सेंमी. असतो, तो ३ सेंमी. वा त्याहून अधिक झाला म्हणजे विस्फार झाला असे मानतात. उतारवय, धूम्रपान, उच्च रक्तदाब व आनुवंशिकता ही त्याची प्रमुख कारणे असून पुरुषांत तो अधिक आढळतो. बहुधा कोणतेही लक्षण न दाखविता तो वाढत जातो, आणि फुटला तर कित्येक रुग्ण रुग्णालयात दाखल होण्यापूर्वीच दगावतात. म्हणून पुरुषांत ५.५ सेंमी. व स्त्रियांत सुमारे ५ सेंमी. व्यास झाला, की दुरुस्तीची शिफारस करतात.

इतिहास : १९४८ साली रूडोल्फ निसेन यांनी आल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या उदरातील विस्फाराभोवती सेलोफेन गुंडाळले, कारण त्या काळी याहून खात्रीचा इलाज हाती नव्हता, १९५५ मध्ये तोच विस्फार फुटून आइन्स्टाइन यांचा अंत झाला. १९५१ साली पॅरिस येथे शार्ल द्युबोस्त यांनी फुगलेला भाग कापून तेथे मृत दात्याची रोहिणी बसविली, व पुढे कृत्रिम धाग्याच्या नळ्या आल्यावर ही उघडी शस्त्रक्रिया सर्वत्र रूढ झाली. परंतु ज्यांचे हृदय वा फुप्फुसे तिचा भार सोसू शकत नव्हती, त्यांच्यासाठी काहीच तजवीज नव्हती. हीच उणीव भरून काढण्यासाठी सप्टेंबर १९९० मध्ये ब्वेनोस आयरेस येथे हुआन पारोदी यांनी, हुलिओ पाल्मास यांच्या साहाय्याने, उदरातील विस्फारात प्रथम आतून नळी बसविली. तत्पूर्वी १९८७ मध्ये खारकीव्ह येथे निकोलाय व्होलोदोस यांनी छातीतील महारोहिणीची अशी दुरुस्ती केली होती, पण तिची वार्ता पाश्चात्त्य वैद्यकविश्वात पुष्कळ उशिरा पोहोचली. १९९९ मध्ये अमेरिकी सरकारच्या औषध खात्याने अशा नळ्यांना मंजुरी दिली.

कृती : प्रथम सीटी स्कॅनवरून मापे घेतात. वृक्क-रोहिणींच्या खाली, फुगवट्याच्या वर, निरोगी भिंतीची ‘मान’ सामान्यतः किमान १० ते १५ मिमी. लांब असावी लागते व ती फार वाकडी असून चालत नाही, कारण नळीची पकड तिच्यावरच अवलंबून असते. नळी पॉलिएस्टरची किंवा टेफ्लॉनच्या जातीच्या कापडाची असून तिला बहुधा निटिनॉल या मिश्रधातूच्या कड्यांचा आधार असतो. आवरणात दाबून बसविलेली मुख्य नळी एका जांघेतून वर नेऊन आवरण मागे ओढताच ती उमलते. तिचा एक पाय लांब व दुसरा आखूड असतो. दुसऱ्या जांघेतून घातलेली तार त्या आखूड पायाच्या तोंडात, क्ष-किरणांच्या सपाट चित्राकडे पाहतच, ओवावी लागते. तार नळीत न शिरता तिच्या शेजारून वर गेली असण्याचा संभव असल्यामुळे, वाकड्या टोकाचा कॅथेटर नळीच्या आत मोकळेपणाने फिरतो की नाही हे पाहून खात्री करून घेतात, आणि मगच उरलेला पाय जोडून सांधे फुग्याने दाबून बसवितात.

उपद्रव : सर्वांत महत्त्वाचा उपद्रव ‘एंडोलीक’, म्हणजे नळी बसविल्यावरही फुगवट्याच्या पिशवीत रक्त जात राहणे, हा होय. त्याचे पाच प्रकार मानतात. पहिल्यात नळीच्या वरच्या वा खालच्या टोकाशी भिंतीची पकड सुटते, आणि तिसऱ्यात नळीचे सांधे निखळतात किंवा कापड फाटते. या दोहोंत पिशवीवर पुन्हा पूर्ण दाब येत असल्याने विलंब न लावता दुरुस्ती करावी लागते. दुसरा प्रकार सर्वाधिक आढळतो : कटि-रोहिणी किंवा आंत्रबंध-रोहिणी यांतून रक्त उलट दिशेने पिशवीत येते, पुष्कळदा ते आपोआप थांबते, म्हणून पिशवी वाढू लागली तरच त्या शाखा धातूच्या कुंडलांनी वा चिकट द्रव्याने बंद करतात. चौथ्यात कापडाच्या छिद्रांतून रक्त पाझरते, व पाचव्यात गळती न दिसताही पिशवी वाढत राहते.

याखेरीज नळी खाली सरकणे, तिचा पाय मुडपून वा रक्त गोठून बंद होणे, प्रवेशमार्गाच्या रोहिणीस इजा होणे, आणि क्ष-किरणांसाठी दिलेल्या रंगद्रव्याने वृक्कांचे कार्य मंदावणे हे उपद्रव संभवतात. श्रोणीतील आतली रोहिणी झाकली गेल्यास चालताना कुल्ल्यात वेदना होतात. जंतुसंसर्ग विरळा, परंतु अत्यंत घातक असतो. छातीतील दुरुस्तीत मेरुरज्जूचा रक्तपुरवठा तुटून दोन्ही पाय लुळे पडण्याचे व पक्षाघाताचे भय असते. मेरुद्रव काढून व रक्तदाब वाढवून पहिल्या आपत्तीचा बंदोबस्त करतात.

फलनिष्पत्ती व देखरेख : ब्रिटनमधील ‘ईव्हार-१’ या चाचणीत पहिल्या ३० दिवसांतील मृत्यूचे प्रमाण उघड्या शस्त्रक्रियेनंतर ४.७ टक्के, तर अंतर्वाहिनी दुरुस्तीनंतर १.७ टक्के आढळले. मात्र त्याच रुग्णांची १५ वर्षे नोंद ठेवली तेव्हा हा प्रारंभीचा लाभ टिकला नाही, आणि आठ वर्षांनंतर पिशवी मागाहून फुटण्यामुळे अंतर्वाहिनी दुरुस्तीच्या गटातील मृत्यू अधिक झाले, असा निकाल २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणून ज्या रुग्णाचे आयुर्मान दीर्घ व प्रकृती सशक्त आहे, त्याच्या बाबतीत उघड्या शस्त्रक्रियेचा विचार गांभीर्याने करणे योग्य ठरते. ज्याच्या शरीरात नळी बसविली आहे, त्याची पहिल्या महिन्यात सीटी स्कॅनने व त्यानंतर दरवर्षी सीटी वा सोनोग्राफीने आयुष्यभर तपासणी व्हावी. ही तपासणी उपचाराचाच एक भाग होय. ती नियमाने करून घेणे ज्याला दूरत्वामुळे वा खर्चामुळे शक्य नाही, त्याला ही दुरुस्ती सुचविण्यापूर्वी वैद्याने ही गोष्ट त्याला व त्याच्या कुटुंबीयांना स्पष्ट शब्दांत सांगितली पाहिजे.