आधी फेरफार, मग सातबारा

मुखेड तालुक्यातल्या एखाद्या शेताचा इतिहास लावायला बसलो की कागद उलट्या क्रमाने हाती येतात. वर आजचा सातबारा, त्यावरचे फेरफार क्रमांक, त्या क्रमांकांच्या जुन्या नोंदवह्या, आणि तळाशी १९५४-५५चे खासरा पत्रक. या पत्रकाला आधार तेव्हाच्या हैदराबाद राज्याच्या १३५८ फसलीतल्या, म्हणजे १९४८-४९च्या अधिकार अभिलेख विनियमाचा. पुढे १९६६ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता आली. तिच्या कलम १५०चा क्रम ठाम आहे: तलाठ्याने नोंद आधी फेरफार नोंदवहीत घ्यायची, चावडीवर नोटीस लावायची, हरकती नोंदवून घ्यायच्या; नोंद प्रमाणित झाल्याशिवाय अधिकार अभिलेखात चढवायची नाही. म्हणून सातबारा फाटला तरी खासऱ्यापासून एकेक प्रमाणित फेरफार लावत तो पुन्हा उभा करता येतो. भरवशाचा कागद फेरफाराचा. सातबारा त्यातून निघालेला.

वीज गेल्यावर सुरू न होणाऱ्या डेटाबेस सर्व्हरकडे मी याच नजरेने पाहतो. तिथेही बदल आधी लॉगमध्ये लिहिला जातो, मुख्य तक्त्यात नंतर. सी. मोहन आणि आयबीएममधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२मध्ये ‘एरीज’ ही पद्धत मांडली: लॉग वाचून स्थिती ठरवायची, घडलेले सगळे क्रमाने पुन्हा घडवायचे, मग अपुरे राहिलेले व्यवहार मागे घ्यायचे. लॉग जुळत नसेल तर सर्व्हर उघडायला नकार देतो. तो नकार योग्यच आहे, कारण त्याच्यापुढे प्रमाणित आणि अप्रमाणित वेगळे करायला दुसरा पुरावा नसतो.

घात होतो तो घाईने. डिस्क भरली म्हणून सर्व्हर अडतो आणि जागा करायला माणसे लॉगच्याच फायली उडवतात. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये हे इतके झाले की २०१७च्या दहाव्या आवृत्तीत या फायली ठेवण्याच्या फोल्डरच्या नावातून ‘लॉग’ काढावे लागले. लॉग जबरदस्तीने पुसून सर्व्हर चालू होण्याजोगा करणारी ‘पीजी रीसेटवॉल’ ही आज्ञाही आहे. पण त्यानंतरची माहिती विसंगत असू शकते, असा इशारा पोस्टग्रेसच्याच दस्तऐवजात आहे.

तेव्हा आधी सगळ्या फायलींची जशीच्या तशी प्रत काढावी. मग त्रुटींच्या नोंदीतल्या शेवटच्या ओळी वाचाव्यात: जागा संपली, परवानगी बदलली, की जुनी प्रक्रिया अजून पोर्ट अडवून बसली आहे. मूळ लॉगला हात लावू नये.