माँटू चाचणीनंतरची त्वचा-प्रतिक्रिया

क्षयरोगाच्या जंतूंचा संसर्ग झाला आहे का, हे तपासण्यासाठी हाताच्या त्वचेत ट्युबर्क्युलिन टोचल्यावर दोन-तीन दिवसांत तेथे येणारा घट्ट उंचवटा. चाचणीचा निकाल या उंचवट्याच्या रुंदीवरून ठरतो, लालीवरून नाही.

इतिहास : रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू शोधला आणि १८९० मध्ये जंतूंच्या संवर्धातून काढलेले ट्युबर्क्युलिन क्षयावरचे औषध म्हणून जाहीर केले. औषध म्हणून ते अयशस्वी ठरले. पण क्षयबाधितांच्या शरीरात त्याने उठणारी प्रतिक्रिया निदानाला उपयोगी पडली. क्लेमेन्स फोन पिर्के यांनी १९०७ मध्ये त्वचेवर ओरखडा काढून चाचणी केली. पुढच्याच वर्षी फ्रेंच वैद्य शार्ल माँटू यांनी सुईने त्वचेतच द्रव सोडण्याची पद्धत मांडली. तीच आज त्यांच्या नावाने रूढ आहे. फ्लॉरेन्स सायबर्ट यांनी १९३० च्या दशकात तयार केलेल्या शुद्ध प्रथिनामुळे (पीपीडी) चाचणीला एकसारखेपणा आला.

प्रतिक्रिया कशी येते : कोपराखाली हाताच्या आतल्या बाजूस ०.१ मिलि. द्रव टोचतात. लगेच ६ ते १० मिमी. ची पांढरट फुगी येते आणि थोड्या वेळात विरते. ती निकाल नव्हे. पूर्वी संसर्ग झालेला असेल, तर त्या जंतूची ओळख ठेवणाऱ्या टी-पेशी टोचलेल्या जागी गोळा होतात आणि त्वचा घट्ट होते. याला वेळ लागतो, म्हणून ४८ ते ७२ तासांनी हात पाहतात. द्रवात जिवंत जंतू नसतात. त्यामुळे चाचणीने क्षय होत नाही.

मापन : बोटाने चाचपून घट्टपणाच्या कडा ठरवतात आणि हाताच्या आडव्या दिशेने तो मिलिमीटरमध्ये मोजतात. भोवतीची लाली कितीही पसरली, तरी मापात धरत नाहीत. भारतात साधारणपणे १० मिमी. वा अधिक घट्टपणा सकारात्मक मानतात. एचआयव्ही-बाधितांत ५ मिमी. पुरेसा ठरतो.

अर्थ : सकारात्मक प्रतिक्रिया म्हणजे संसर्ग, रोग नव्हे. संसर्ग झालेल्यांपैकी सुमारे ५ ते १० टक्के लोकांनाच आयुष्यात कधीतरी क्षयरोग होतो. मात्र लहान मुले आणि एचआयव्ही-बाधित यांच्यात हा धोका बराच जास्त असतो. जन्मतः दिलेली बीसीजी लस किंवा वातावरणातले क्षयाशी नाते असलेले इतर जंतू यांमुळेही त्वचा घट्ट होऊ शकते. उलट कुपोषण, गोवर, एचआयव्ही, स्टेरॉइड औषधे किंवा अंगभर पसरलेला गंभीर क्षय असताना संसर्ग असूनही हात कोरा राहू शकतो. संसर्गानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतही तसेच घडते. म्हणून खोकला, ताप आणि वजनातील घट असलेल्या मुलाची चाचणी नकारात्मक आली, तरी तपास थांबवू नये.

त्रास व काळजी : खाज, किंचित दुखणे आणि लाली नेहमीची असून काही दिवसांत ओसरते. काहींना फोड येतात, क्वचित जखम होते. ही तीव्र प्रतिक्रिया डॉक्टरांना दाखवून नोंदवावी; अशा व्यक्तीला पुन्हा ही चाचणी करत नाहीत. जागा खाजवू नये, दाबू नये, तीवर मलम लावू नये. खाज फार सुटली तर थंड पाण्याची घडी ठेवावी. अंघोळीला हरकत नाही. अंगभर गांधी, श्वास लागणे किंवा चेहरा सुजणे अत्यंत विरळ. तसे झाल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

नव्या चाचण्या : पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सीवाय-टीबी’ ही त्वचा-चाचणी क्षयजंतूत असलेल्या, पण बीसीजी लशीत नसलेल्या प्रथिनांवर आधारलेली आहे. त्यामुळे लशीमुळे होणारी गफलत टळते. इग्रा या रक्तचाचणीचाही आधार हाच.

उंचवटा दिसला म्हणून घाबरून जाऊ नये आणि दिसला नाही म्हणून निर्धास्तही राहू नये. ठरलेल्या दिवशी हात प्रशिक्षित व्यक्तीलाच दाखवावा. लक्षणे, घरातील रुग्णाशी आलेला संपर्क, छातीचा एक्स-रे आणि गरजेप्रमाणे थुंकीची तपासणी यांच्यासोबत वाचल्यावरच या मापाला निदानात किंमत आहे.