वितळलेला सोरा आणि संगणक

सौर औष्णिक वीजकेंद्रात दिवसाची उष्णता रात्रीसाठी राखून ठेवायची, तर ती बहुधा वितळलेल्या नायट्रेट क्षारांत साठवतात. रूढ मिश्रणात वजनाने ६० टक्के सोडियम नायट्रेट आणि ४० टक्के पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे सोरा, असतो. सुमारे २४० अंश सेल्सिअसखाली हे मिश्रण गोठू लागते आणि ५६५ अंशांपर्यंत निर्धास्त तापवता येते. या पट्ट्यात त्याची घनता, श्यानता, विशिष्ट उष्मा आणि उष्णतावाहकता किती, हे टाक्या व पंप आखणाऱ्याला आधी ठाऊक असावे लागते. प्रयोगशाळेत यांतील उष्णतावाहकता मोजणे सर्वांत जिकिरीचे. तापवताच द्रवात प्रवाह सुरू होतात, वर प्रारणानेही उष्णता निसटते आणि आकडा फुगतो. त्यामुळे आयनांची हालचाल संगणकावर मांडून हे गुणधर्म काढण्याच्या पद्धतीला महत्त्व आले. या पद्धतीचा उगम मात्र सौरऊर्जेच्या गरजेतून झालेला नाही.

१९५३ मध्ये अमेरिकेतील लॉस अलामॉसमध्ये मेट्रोपोलिस आणि सहकाऱ्यांनी यादृच्छिक चालींवर आधारलेली मॉन्टे कार्लो गणनपद्धती मांडली. १९६४ मध्ये मूळ हैदराबादचे अनीसूर रहमान यांनी अमेरिकेतील आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत द्रवरूप आरगॉनच्या ८६४ अणूंची हालचाल संगणकावर गणून दाखवली. आरगॉनचे अणू विद्युतभाररहित असतात, त्यामुळे त्यांच्यातील ओढ थोड्या अंतरातच संपते. क्षारांचे तसे नाही. प्रत्येक आयन भारित असतो आणि त्याचे बल इतके सावकाश कमी होते, की आयनांच्या काल्पनिक पेटीच्या भिंतीपाशी हिशेब तोडला तर उत्तरच बिघडते. यावरची तोड जुनीच होती. पॉल एवाल्ड यांनी १९२१ मध्ये स्फटिकांसाठी शोधलेली बेरजेची रीत इथे कामी आली. आयन एकमेकांजवळ आल्यावर किती जोराने ढकलतात, याचे सूत्र अल्कली हॅलाइडांपुरते तोसी आणि फूमी यांनी १९६४ मध्ये बसवले. हे सारे जुळवून लंडन विद्यापीठात लेस्ली वुडकॉक आणि कॉनराड सिंगर यांनी १९७१ मध्ये वितळलेल्या पोटॅशियम क्लोराइडचे मॉन्टे कार्लो प्रतिरूपण प्रसिद्ध केले. पेटीत आयन होते अवघे २१६. तरीही उत्तरे प्रयोगाशी बऱ्यापैकी जुळली. या शाखेचा पाया तिथेच घातला गेला, असे म्हणायला हरकत नाही.

क्लोराइड आयन गोल मानून चालते, नायट्रेट आयन मानता येत नाही. मधे नायट्रोजन, भोवती तीन ऑक्सिजन असा तो सपाट त्रिकोण आहे. तो गिरक्या घेतो, वाकतो, आणि त्याचा भार चारही अणूंवर विभागावा लागतो. सिन्योरिनी, बारा आणि क्लाइन यांनी १९९० मध्ये कॅल्शियम-पोटॅशियम नायट्रेटच्या मिश्रणासाठी अशी मांडणी केली. त्यांना कुतूहल होते ते द्रवाची काच कशी होते याचे. साठवणुकीच्या टाक्या त्यांच्या मनातही नसाव्यात.

दरम्यान सौर प्रकल्प संगणकासाठी थांबले नव्हते. कॅलिफोर्नियातील ‘सोलर टू’ सौरमनोरा १९९६ ते १९९९ या काळात सोडियम-पोटॅशियम मिश्रणावर चालला. त्यानंतर दहा वर्षांच्या आतच स्पेनमधील ग्रानादा प्रांतात ‘अंदासोल’ केंद्र उभे राहिले आणि त्याच्या पहिल्या संचात सुमारे २८,५०० टन क्षार ओतला गेला. ६०:४० हे प्रमाणही गणिताने ठरलेले नव्हते. सर्वांत कमी, म्हणजे सुमारे २२० अंशांना वितळणारे मिश्रण वेगळ्या प्रमाणाचे असते. पण सोडियम नायट्रेट स्वस्त, म्हणून तेच जास्त घातले गेले.

दोन वाटा एकत्र आल्या त्या २०१० च्या सुमारास. अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळा आणि नोत्र दाम विद्यापीठ येथील संशोधकांनी लिथियम, सोडियम व पोटॅशियम या तिन्ही नायट्रेटांची घनता, विशिष्ट उष्मा, श्यानता आणि उष्णतावाहकता प्रतिरूपणातून काढली. खरा हेतू होता कमी तापमानाला वितळणारे मिश्रण शोधण्याचा, कारण नळीत क्षार गोठला की सगळे काम ठप्प होते. वितळणबिंदू काढणे मात्र फसवे असते. पेटीतला निर्दोष स्फटिक वितळणबिंदू ओलांडला तरी वितळत नाही. म्हणून स्फटिक आणि द्रव यांची मुक्त ऊर्जा स्वतंत्रपणे काढून ती कोणत्या तापमानाला सारखी होते, हे पाहावे लागते. तिन्ही नायट्रेटांचे योग्य मिश्रण सुमारे १२० अंशांना वितळते. लिथियमच्या किमतीपुढे मात्र गणिताचा इलाज चालत नाही.

या जुन्या धाटणीच्या प्रतिरूपणात बंध तुटत नाहीत, त्यामुळे नायट्रेटचे नायट्राइट होणे त्यात दिसत नाही. बेलर आणि पारिनेलो यांनी २००७ मध्ये मांडलेल्या चेताजाल-विभवांपासून (न्यूरल नेटवर्क पोटेन्शियल) ही उणीव भरून काढण्याची वाट खुली झाली. क्षाराच्या संपूर्ण फेऱ्याचे प्रतिरूपण हे निराळे काम. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात ६०:४० मिश्रणाचा पंपाविना फिरणारा फेरा उभारून त्याची मोजमापे संगणकीय आज्ञावलीशी ताडून पाहिली गेली. टाकीच्या पोलादी तळाचे गणित याहूनही वेगळे. अमेरिकेतील नेवाडा राज्यातल्या ‘क्रेसेंट ड्यून्स’ केंद्रात २०१६ मध्ये तप्त क्षाराच्या टाकीला गळती लागली आणि केंद्र कित्येक महिने बंद राहिले.