हिमभाराच्या नियमांतील पाठभेद

छपरावर सांचणाऱ्या बर्फाचा भार किती धरावा हें ठरविणारे बांधकामनियम आमच्या संग्राहकांच्या दप्तरांत क्वचितच आढळतात. नवी आवृत्ति निघाली कीं जुनी रद्दींत जाते. काव्यग्रंथाची जुनी पोथी अशी टाकून देण्यास आपणांपैकीं कोणीहि धजणार नाहीं. ह्या नियमग्रंथांचीहि तीच योग्यता आहे, असें आम्हांस वाटतें. त्याचीं कारणें येथें मांडतों.

इ. स. १९२२ च्या जानेवारीच्या २८ व्या तारखेस रात्रीं अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथील निकरबॉकर नामक चित्रपटगृहाचें सपाट छप्पर बर्फाखालीं कोसळलें. सुमारें २८ इंच बर्फ पडलें होतें. ९८ माणसें दगावलीं व १३३ जखमी झालीं. इमारत अवघी १९१७ सालची होती. दोष एकट्या बर्फाचा नव्हता, रचनेचाहि होता. पुढें त्या नगरीच्या नियमांत फेरफार करण्यांत आले.

अमेरिकेंत त्या काळीं नगरागणिक नियम निराळे होते. त्यांस एकसूत्र आणण्याकरितां हूवर हे व्यापारमंत्री असतां त्यांच्या खात्यानें १९२१ सालीं एक समिति नेमिली होती. तिच्या १९२४ च्या अहवालांत छपरावरील किमान भार असे दिले आहेत: चढ दर फुटीं ४ इंचांपर्यंत असल्यास चौरस फुटास ३० पौंड, त्याहून अधिक परंतु १२ इंचांपर्यंत असल्यास २० पौंड, त्यापुढें उभा भार मुळींच धरावयाचा नाहीं, वाऱ्याचा मात्र धरावयाचा. येथें सारी भिस्त उतारावर आहे.

कॅनडाच्या राष्ट्रीय संहितेंत निराळा विचार दिसतो. १९४१ च्या पहिल्या आवृत्तींत भूमीवर जेवढें बर्फ, तेवढेंच छपरावर धरिलें होतें. पुढें छपरांवरील बर्फाची प्रत्यक्ष मोजणी हातीं घेण्यांत आली, आणि १९६० च्या आवृत्तींत हें प्रमाण शेंकडा ८०, व वाऱ्यास उघड्या असलेल्या छपरास शेंकडा ६० असें झालें. वारा छपरावरील बर्फ उडवून नेतो, हें त्याचें कारण. तोच वारा उंच भिंतीलगतच्या ठेंगण्या छपरावर मात्र बर्फाचा ढीग रचतो.

आतां आपल्या देशाकडे वळूं. भारतीय मानक ८७५ हा ग्रंथ प्रथम १९५७ सालीं निघाला. त्याच्या १९६४ च्या आवृत्तींत, विशेष माहिती नसल्यास बर्फाच्या दर सेंटिमीटर जाडीस चौरस मीटरवर २.५ किलोग्रॅम भार धरावा, व उतार ५० अंशांहून अधिक असल्यास हिमभार सोडून द्यावा, असें आहे. १९८७ सालीं हिमभारास चौथा स्वतंत्र भाग मिळाला. त्यांत एकाच बाजूस उतरत्या छपरावर ३० अंशांपर्यंत भूमीवरील भाराच्या शेंकडा ८० भार धरिला असून, तो क्रमानें घटत ६० अंशांस शून्य होतो. अर्थात् ५५ अंशांच्या अशा छपरास पहिल्या पाठाप्रमाणें कांहींच भार नाहीं. दुसऱ्याप्रमाणें भूमीवरील भाराच्या सुमारें शेंकडा १३ आहे.

हा पाठभेद केवळ विद्वानांच्या कुतूहलाचा नव्हे. नियमाची जुनी आवृत्ति रद्द होते. तिच्या आधारें उभारलेलें छप्पर रद्द होत नाहीं. त्याखालीं माणसें राहतात, मुलें शिकतात. श्रीनगरास किंवा शिमल्यास १९७० सालीं बांधलेल्या इमारतीचें छप्पर तपासावयाचें, तर तें कोणता भार गृहीत धरून उभारलें हें प्रथम पाहिलें पाहिजे. मूळ नकाशे व हिशेब बहुधा हरवलेले असतात. अशा वेळीं त्या सालची आवृत्ति हाच मुख्य पुरावा उरतो.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, जुन्या बांधकामनियमांची प्रत, तिच्या दुरुस्तीपत्रकांसह व समासांतील टिपणांसह, हातीं आल्यास ती जपून ठेवावी आणि तिजवर आवृत्तीचें साल स्पष्ट नोंदवावें.