वायफाय मध्येच गायब होतंय? चॅनेल विड्थ आणि रडारचा संबंध समजून घ्या

बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव इथं आता बऱ्याच घरांत फायबर आलंय. लाईन चांगली, राउटर नवा, तरीही ऐन ऑनलाइन टेस्टमध्ये वायफाय जातं आणि थोड्या वेळाने आपोआप परत येतं. आपण लगेच कंपनीला फोन लावतो. पण पुष्कळदा लाईन ठीक असते आणि गडबड राउटरच्या दोन सेटिंगमध्ये असते: चॅनेल आणि चॅनेल विड्थ. दोन्ही फोनवरून बदलता येतात, एक रुपयाही लागत नाही.

आधी लक्षण ओळखा

- वायफायचं चिन्ह दिसतंय, पण नेट चालत नाही: लाईन तपासायला सांगा.
- वायफायचं नाव दिसतंय, पण लांबच्या खोलीत स्पीड पडतो: विड्थ किंवा अंतराचा प्रश्न.
- फक्त 5 गिगाहर्ट्झचं नाव यादीतून गायब होतं आणि 2.4 चं चालू राहतं: रडारच्या नियमाचा संशय घ्या.
- लाईट जाऊन आल्यावर 2.4 चं नाव लगेच येतं, 5 चं मिनिटभर उशिरा: हेही रडारच्या नियमाचंच लक्षण.

एक खुलासा: वायफायच्या नावापुढचं '5जी' म्हणजे 5 गिगाहर्ट्झ. मोबाईलच्या 5जीशी त्याचा संबंध नाही.

चॅनेल विड्थ म्हणजे काय?

रस्ता समजा. 20 मेगाहर्ट्झ म्हणजे एकपदरी, 40 दुपदरी, 80 चारपदरी, 160 आठपदरी. रस्ता रुंद तितकी जास्त गाडी जाते, म्हणजे स्पीड वाढतो. पण राउटरची ताकद तेवढीच राहते आणि ती रुंद पट्ट्यात वाटली जाते. म्हणून रुंदी वाढली की लांबच्या खोलीत सिग्नल कच्चा पडतो, आणि शेजाऱ्यांच्या वायफायशी टक्करही जास्त होते.

2.4 गिगाहर्ट्झमध्ये जागा मुळातच कमी. एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच: 1, 6 आणि 11. तिथं विड्थ 20 च ठेवा. 40 केलं तर अर्ध्या गल्लीचं वायफाय तुमच्याशी भांडत बसेल.

यात रडार कुठून आलं?

5 गिगाहर्ट्झच्या काही भागात हवामानाची आणि इतर रडार आधीपासून काम करतात. 2003 मध्ये जिनिव्हाच्या जागतिक रेडिओ परिषदेत हा भाग वायफायला मिळाला, पण अट घालून: रडार दिसलं की वायफायने जागा सोडायची. या व्यवस्थेला डीएफएस म्हणतात, म्हणजे डायनॅमिक फ्रिक्वेन्सी सिलेक्शन. भारतात ऑक्टोबर 2018 च्या नियमांनी 5 गिगाहर्ट्झमधले एकूण 605 मेगाहर्ट्झ विनापरवाना वापरायला खुले झाले.

डीएफएस पाळणारा राउटर अशा चॅनेलवर सुरू होण्याआधी साधारण 60 सेकंद नुसता ऐकतो. चालू असताना रडारसारखा ठोका ऐकू आला, तर सुमारे 10 सेकंदांत ते चॅनेल सोडतो आणि 30 मिनिटं तिथं परतत नाही. नेमकी तेव्हाच तुमची टेस्ट चालू असते!

चॅनेलची विभागणी अशी:

- 36 ते 48: रडारची अट नाही
- 52 ते 64: डीएफएस
- 100 ते 144: डीएफएस
- 149 ते 165: रडारची अट नाही

आता 160 ची गोम लक्षात येईल. 36 पासून 160 रुंद पट्टा घेतला तर तो 64 पर्यंत जातो, म्हणजे निम्मा डीएफएसमध्ये. 100 पासून घेतला तर अख्खाच. वायफाय 6 चा राउटर आणून हौसेने 160 लावणाऱ्यांना हा त्रास म्हणूनच जास्त होतो. शिवाय बऱ्याच मध्यम किमतीच्या फोनना 80 च झेपतं, म्हणजे फायदाही नाही.

बीडला माझ्या मावसभावाकडे हेच चाललं होतं. तो एमपीएससी करतोय, टेस्ट सिरीज ऑनलाइन. कंपनीचा माणूस दोनदा येऊन वायर बदलून गेला. मी राउटरचा लॉग उघडला, तर 'रडार डिटेक्टेड' अशा ओळी. विड्थ 80 आणि चॅनेल 36 केलं, ते दिवसातून तीन-चारदा जाणं बंद झालं.

मग बीडमध्ये खरंच रडार असतं का? सोलापूरला पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने सी-बँड रडार बसवलं होतं, आणि 2019 च्या कृत्रिम पावसासाठी तेव्हाच्या औरंगाबादेत. पण शंभर-दीडशे किलोमीटरवरचं रडार घरातल्या राउटरला ऐकू येणं कठीणच. अशा वेळी राउटर बहुधा दुसऱ्याच कुठल्या सिग्नलला रडार समजतो. कारण कोणतंही असो, उपाय तोच.

काय करायचं?

1. राउटरच्या खालच्या स्टिकरवरचा पत्ता फोनच्या ब्राउझरमध्ये टाका. लॉगिनही बहुधा तिथंच असतं.
2. वायरलेस सेटिंगमध्ये 5 गिगाहर्ट्झ निवडा. चॅनेल 'ऑटो' वरून काढून 36 करा.
3. विड्थ 80 ठेवा. गर्दीच्या गल्लीत किंवा लांबच्या खोलीत अडचण आली तर 40.
4. वायफाय अ‍ॅनालायझर अ‍ॅपमध्ये 36 वर गर्दी दिसली तर 149 करून बघा. गच्चीवर डिश लावून नेट देणारे बऱ्याचदा त्याच भागात असतात, म्हणून दोन्ही तपासा.
5. सेव्ह करा, दोन दिवस वापरा, मग ठरवा.

एवढं करूनही जात असेल, तर कंपनीला फोन करा आणि चॅनेल, विड्थ तपासल्याचं सांगा. मग बोलणं थेट लाईनवर येतं.

हे मात्र करू नका

राउटरमधला देश बदलून डीएफएस टाळता येतं, असं कुणी सांगितलं तरी ऐकू नका. देश 'इंडिया'च ठेवा. अमेरिकेत 2009 मध्ये सान हुआन विमानतळाच्या हवामान रडारला अशाच 5 गिगाहर्ट्झच्या उपकरणांचा त्रास झाला होता. चुकीचा सिग्नल घुसला की रडारच्या चित्रावर त्या दिशेने पट्टा उमटतो, आणि त्या पट्ट्यात ढग आहे की नाही ते कळत नाही. मुंबईत वेरावलीला 2022 पासून चालू असलेलं रडारही सी-बँडचंच. आपल्या मराठवाड्यात पावसाच्या अंदाजावर पेरणी ठरते. 36 किंवा 149 वर वायफाय नीट चालत असताना त्या अंदाजात खोडा घालायचं काहीच कारण नाही.